परस्पर दिलेली माफी

पडद्यावरची मुलगी म्हणाली, "मी तुला केव्हाच माफ केलंय," आणि शाळेचा हॉल टाळ्यांनी दणाणला. पहिल्या रांगेत योगिनीच्या शेजारी बसलेल्या अनुजाबाई पदरानं डोळे टिपत होत्या. मागं सातवीच्या पोरी मुसमुसत होत्या. योगिनीच्या हातांनीही दोनचार टाळ्या वाजवल्या, सवयीनं. शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाचे हात कार्यक्रमात आपोआप वाजतात. मग ते हात मांडीवर पडले आणि आपले कान तापलेत हे तिच्या लक्षात आलं. पडद्यावरची ती मुलगी म्हणजे योगिनीच होती. फ्रॉकचा तो विटका जांभळा रंग तिचा होता, वेणीला रिबिनीऐवजी बांधलेली काळी नाडी तिची होती, एक खांदा किंचित वर उचलून चालणं तिचं होतं. डोळे मात्र तिचे नव्हते. ते बशीएवढे मोठे आणि सदा भरलेले काढले होते. आणि ते वाक्य तिचं नव्हतं. ते ती आयुष्यात कधी म्हणाली नव्हती, मनातसुद्धा नाही, तापात बरळतानासुद्धा नाही. कुणीतरी ते तिच्या तोंडून परस्पर वदवून घेतलं होतं आणि अख्खी शाळा त्यावर टाळ्या पिटत होती.

कुणीतरी म्हणजे जितेंद्र. मालवणच्या बाजारपेठेतल्या सत्यवान शेटचा धाकटा मुलगा, चौथीपासून तिच्या वर्गातला. पुढं तो मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात गेला, अंधेरीला कुठल्याशा स्टुडिओत परदेशी कार्टूनांची चित्रं काढायला लागला, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. २००९च्या डिसेंबरात, गॅदरिंगच्या आठवड्यात, तो स्वतः बनवलेली कार्टूनची फिल्म घेऊन आपल्या जुन्या शाळेत आला. फिल्मला बाहेर कुठंतरी बक्षीस मिळालं होतं. वर्गात एखाद्याला छळणं किती वाईट, छळणाऱ्याला पुढं किती पश्चात्ताप होतो, असा विषय आहे, मुलांवर संस्कार होतील, असं हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. योगिनी त्याच शाळेत भूगोल शिकवायची. जितेंद्रचं नाव ऐकून तिनं हजेरीपटात डोकं घातलं. बावीस वर्षं झाली होती, माणसं बदलतात, आणि तिला तर सातवीचा वर्ग रांगेनं हॉलमध्ये आणून बसवायचा होता. मग दिवे गेले आणि पडद्यावर नाव आलं, 'सुकट'. अक्षरं गोलमटोल, 'क'च्या शेपटाला एक इवलीशी वाळकी कोलंबी लटकलेली. पोरं हसली. योगिनीला हसू आलं नाही, कारण सुकट हे तिचं नाव होतं. सातवीत तिला कुणी योगिनी म्हणतच नसे.

सुरुवात कशी झाली ते तिला पक्कं आठवत होतं. एका सकाळी ती वर्गात शिरली आणि जितेंद्रनं नाकाला रुमाल लावला. बोलला काही नाही. त्याच्या बाकावरच्यांनी नाकं दाबली, मग त्या रांगेनं, मग वर्गानं. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि मग रोजच. तिची आई गंगू मासळी बाजारात बसायची, बाप होडीवर जायचा, अंगणभर मासे वाळत पडलेले असायचे. वास येत असेल, नसेलही. स्वतःचा वास स्वतःला कुठं कळतो. ती शाळेत निघण्याआधी हातांना आमसुलं चोळायची, नारळाच्या काथ्यानं चामडी लाल होईस्तोवर घासायची, आणि वर्गाच्या उंबऱ्यात श्वास धरून ठेवायची, जणू तिनं श्वास सोडला तरच वास सुटणार होता. कंपासपेटी उघडावी तर आत सुकट भरलेली. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून हसायचे. त्यांच्या खांद्यांवरून ते कळायचं. हे सगळं फिल्ममध्ये होतं. आमसुलं होती, काथ्या होता, सरांचे हलणारे खांदे होते. मुलगी घरामागच्या दगडावर बसून हात घासते तो प्रसंग इतका नेमका उतरला होता की अंधारात योगिनीचं मनगट खाजायला लागलं. आणि तिथंच तिच्या मनात पहिली ठिणगी पडली. याला हे कसं माहीत? घरामागं ती एकटी असायची. म्हणजे यानं पाहिलं होतं. माडाआड उभं राहून पाहिलं होतं, तिला सोलून निघताना पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन पुन्हा नाकाला रुमाल लावला होता. सगळ्या हॉलला ते चित्र बघून त्याच्याबद्दल माया वाटत होती. केवढी संवेदनशील नजर, असं अनुजाबाई हळूच म्हणाल्यासुद्धा.

पण फिल्ममध्ये चावा नव्हता. ती वाट बघत राहिली. पाण्याची टाकी आली, जांभ्या दगडाची, तिच्यावरच्या शेवाळ्यासकट. मुलांचा घोळका आला, जितेंद्र तिच्या आईबद्दल बोलला. खरा जो शब्द बोलला होता तो नाही, त्याहून बराच सोज्वळ. आणि पडद्यावरची मुलगी बशीएवढ्या डोळ्यांतून दोन थेंब टाकून पळत सुटली. मागं व्हायोलिन. योगिनी खुर्चीत पुढं सरकली. ती पळाली नव्हती. तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून दातांत घेतलं होतं आणि तो ओरडायला लागला तरी सोडलं नव्हतं, तिच्या जिभेवर त्याच्या रक्ताची गंजलेली चव आली होती. त्या वर्षातली ती एकच गोष्ट तिची स्वतःची होती. सरांनी तिला केसाला धरून मागं ओढलं, कुत्री आहेस काय म्हणाले, आणि दिवसभर व्हरांड्यात उन्हात उभं केलं. त्यानं हे विसरणं शक्य नव्हतं. मनगटावर दातांची खूण राहिली असणार. पण छळ सोसणारी मुलगी चावली तर लोकांना ती तेवढी आवडत नाही. म्हणून त्यानं तिचे दात काढून टाकले होते आणि त्या जागी पाणी भरलेले डोळे बसवले होते.

आणि मग तो प्रसंग आला ज्यावर हॉलमध्ये सगळ्यात जास्त नाकं ओढली गेली. पडद्यावर मुलाचा बाप मुलाचा कान धरून त्याला किनाऱ्यावरच्या झोपडीत नेतो. झोपडीच्या दारात मुलीची आई, गोल गरगरीत, गोरीपान, हसरी. बाप तिच्यापुढं हात जोडतो, म्हणतो, माझ्या पोरानं चूक केली, आम्हाला क्षमा करा. आई काही बोलत नाही, सगळ्यांना सोलकढी वाढते. कढीचा रंग असा सुंदर गुलाबी काढला होता की जीव हरखावा. योगिनीनं पडद्यावरची नजर काढून घेतली. कारण त्या संध्याकाळी कान धरून कुणाला नेलं असेल तर तिला. शाळेतून निरोप आला होता, शेटच्या पोराला चावली म्हणून. आईनं विक्रीतली ताजी सुरमई काढून पानात गुंडाळली आणि योगिनीला ओढत बाजारपेठेत नेलं. टोपली तिनं दुकानाच्या पायरीखाली ठेवली, वास आत जाऊ नये म्हणून. गादीवर सत्यवान शेट बसले होते, गिऱ्हाइकं उभी होती. आईनं पायरीवरूनच हात जोडले. पोर खुळी आहे शेट, पुन्हा असं होणार नाही, असं म्हणत राहिली, एकदा नाही, शेट दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते तितका वेळ. मग ते म्हणाले, पोरीला आवर गंगू. आणि नोकराला सांगितलं, ती सुरमई मागल्या दारानं आत घे. जितेंद्र खांबाला टेकून उभा होता, मनगटाला पट्टी बांधलेली, तोंडात शेंगदाण्याचा लाडू. चावणं थांबवून बघत होता.

ज्या माणसाला आमसुलं आठवली, काळी नाडी आठवली, टाकीवरचं शेवाळ आठवलं, त्याला हे हात आठवले नाहीत असं कोण म्हणेल? त्याला आठवले होते. त्यानं ते नीट उचलले आणि आपल्या बापाला जोडून दिले.

दिवे लागले तेव्हा हेडमास्तर माइकशी होते. आजच्या कार्यक्रमातला सगळ्यात हृद्य योग असा की या चित्रपटातली मुलगी आज आपल्यात बसली आहे, आपल्याच शाळेत ज्ञानदान करते आहे, असं ते म्हणाले. जितेंद्रनं त्यांना सकाळीच सांगितलं होतं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पोरं माना उंचावून बघायला लागली, टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, अनुजाबाईंनी तिला कौतुकानं पाठीवर हात ठेवून उठवलंच. ती स्टेजवर गेली. जितेंद्रच्या केसांत पांढरं आलं होतं, डोळे ओले होते आणि ते खोटे नव्हते. हे तिला दिसलं आणि त्यानं तिचा संताप आणखी वाढला, कारण खोट्या माणसाला निदान तोंडावर खोटा म्हणता येतं. तो माइकमध्ये म्हणाला की इतकी वर्षं मी हे ओझं वाहिलं, आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढं हात जोडले. कुणीतरी फोटो काढला. मग माइक तिच्या हातात आला. तिला सांगायचं होतं की यातलं अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं चोरलेलं. पण समोर तिचा सातवीचा वर्ग होता, हेडमास्तर मान तिरपी करून हसत होते, आणि तिच्या तोंडून वर्गात शिकवायच्या आवाजात निघालं, "चित्रं फार सुंदर काढली आहेत." टाळ्या. खाली उतरताना तिला स्वतःचीच शिसारी आली. ती पडद्यावरच्या मुलीसारखीच वागली होती.

चहा चालला होता तेव्हा तिनं त्याला हॉलमागच्या जिन्याशी गाठलं. तो प्रमाण मराठीत काहीतरी छानसं बोलायला लागला, तर ती मध्येच मालवणीवर आली.

"तुझो बापूस आमच्या घराक कधी इल्लो?"

मग त्याचीही भाषा बदलली. "नाय इलो."

"मगे?"

"येवक व्हयो होतो. आता तो नाय. म्हणान मी तेका धाडलंय."

उत्तर तसं वाईट नव्हतं. मेलेल्या बापाच्या हातून राहिलेलं त्यानं चित्रात पुरं करून घेतलं होतं. त्याच्या बाजूनं बघितलं तर ते पुण्यच. पण तिला त्याच्या बाजूनं बघायचंच नव्हतं. सगळी शाळा आत्ता पाऊण तास त्याच्याच बाजूनं बघून आली होती.

"आणि माझी आवस तुमच्या पायरीर उभी होती ती खंय गेली? तिका खंय लपयलंस?"

"ता दाखवलंय असतंय तर लोकांका बघवला नसता, योगिनी."

"आमका ता करूक लागला. लोकांका नुसता बघूचा होता."

त्यानं जिन्याच्या कठड्यावर हात टेकला. त्याच्या मनगटाकडे तिची नजर गेली. घड्याळाचा पट्टा होता, खाली काय होतं ते दिसत नव्हतं. तिनं विचारलं, मी माफ केलं असं तू कुठं ऐकलंस. तो म्हणाला की गोष्टीला शेवट लागतो. आणि मला वाटलं, एव्हाना तू केलं असशील. वाटलं, एव्हाना, असशील. या तीन शब्दांवर त्यानं इमारत उभी केली होती आणि तिच्यावर बक्षिसाची पताका लावली होती. तू मागशील ते करतो, तो म्हणाला, आणि तेही तो मनापासून म्हणाला. तिनं सांगितलं, उद्या सकाळी मासळी बाजारात ये. कॅमेरा नको, सोबत कुणी नको. माझी आई अजून तिथंच बसते.

घरी ती आणि आई दोघीच राहायच्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळी ती पोचायच्या आत बातमी पोचली होती. शेजारच्या सुगंधेची नात शाळेत होती, तिनं घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. आई पडवीत पाय पसरून बसली होती, गंमत वाटल्यासारखी. आपलं चित्र काढलंय म्हणे, कसं काढलंय, असं तिनं विचारलं. गोरी काढलीय, योगिनी म्हणाली. आई हसली. मग मी बोलते का त्यात, असं विचारलं. योगिनी म्हणाली, नाही, कढी वाढतेस. आईला तेही चाललं. मग योगिनीला राहवलं नाही. "तेचो बापूस तुझ्यापुढे हात जोडता त्यात."

आईचं हसू गेलं नाही, पण थांबलं. "सत्यवान शेट?"

"होय."

आई उठली, तुळशीपुढं दिवा ठेवून आली, आणि भाताला आधण ठेवायला आत गेली. योगिनी पडवीतच बसून राहिली. तिला तिचा जुना राग आठवत होता, जो शेटवर नव्हता, जितेंद्रवरही नव्हता, आईवर होता. इतक्या सहज तिनं हात जोडले. इतक्या सहज सुरमई दिली. घरी येताना वाटेत शेजारणीशी मासळीच्या भावाबद्दल बोलत आली, जसं काही घडलंच नव्हतं. त्या रात्री तेरा वर्षांच्या योगिनीनं ठरवलं की हिला काही वाटत नाही, ही अशीच आहे, आपण अशी व्हायचं नाही. ती शिकली, बीएड केलं, शाळेत पर्मनंट झाली. आईला लुगडी, औषधं, गॅस, सगळं आणलं. पण बाजारात बसणं सोड म्हटलं की आई ऐकायची नाही, आणि तेव्हा प्रत्येक वेळी योगिनीला ती पायरी दिसायची. ज्या माणसाला लाज नाही त्याला कसं समजावणार, असं तिला वाटायचं. जितेंद्रनं आईला पडद्यावर मुकी आणि हसरी काढली होती. योगिनीच्या मनातलं चित्रही फारसं वेगळं नव्हतं, हे तिला पडवीत बसल्या बसल्या जाणवलं आणि तिनं ते झटकून टाकलं. आज तिला फक्त त्याचा राग करायचा होता.

सकाळी तो आला, खरंच एकटा. बाजारात रापणीच्या जाळ्यातला बांगडा आला होता, गर्दी होती. आई कोयत्यानं सुरमईचे तुकडे करत होती. शाळेची साडी नेसलेली योगिनी मागं खांबाशी उभी राहिली. जितेंद्रची चप्पल ओल्या फरशीवर घसरत होती. तो आईसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, गंगूकाकी, मी सत्यवान शेटचा जितू. आईनं मान वर केली, ओळखलं, पुन्हा खाली बघितलं. त्यानं हात जोडले. आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या.

"काकी, माका माफ कर."

"तुका कित्याक? तू पोर होतंस." आईचा कोयता चालूच होता. "तुझ्या बापाशीपुढे मी हात जोडलंय. दुकानात, चार लोकांपुढे. मी मागलंय ती माफी माका परत दी."

"ती कशी परत देवची, काकी? बापूस गेलो."

"मगे तुझी घेवन मी काय करू?"

हे ती रागानं बोलली नाही. ज्या गिऱ्हाइकाला हवा तो मासा आज नाही त्याला सांगावं तसं सांगितलं, आणि तुकडे पिशवीत भरले. जितेंद्रचे हात अजून जोडलेलेच होते. ते कधी सोडायचे हे त्याला कळत नव्हतं. मागच्या बाईनं त्याला कोपरानं ढोसलं, घेणार नसशील तर बाजूला सर म्हणाली. तो उठला. योगिनीकडे त्यानं एकदा बघितलं, काहीतरी अपेक्षेनं. तो गर्दीतून निघून गेला. दुपारी कुडाळच्या एका शाळेत त्याचा पुढचा कार्यक्रम होता. तो झालाच, पेपरात बातमीही आली. म्हणजे कुडाळातही त्या मुलीनं त्याला माफ केलं, आणि पुढं जिथं जिथं पडदा लागला तिथं करत राहिली. ते थांबवणं योगिनीच्या हातात नव्हतं.

शाळेत ती उशिरा पोचली. अनुजाबाईंनी सुचवलं होतं की मुलांकडून क्षमेवर चार ओळी बोलून घ्याव्यात. सातवीत पहिल्याच बाकावरच्या संजनानं उठून विचारलं, बाई, तुम्ही त्यांना केव्हा माफ केलंत? वर्ग गोड हसून वाट बघत होता. योगिनी म्हणाली, "केलं नाही." आणि टाकीपाशी काय झालं ते तिनं सांगितलं, जसं झालं तसं, मनगट आणि रक्त आणि व्हरांडा. पायरीपाशी मात्र ती अडली. ते सांगायचा हक्क आपला आहे की नाही हे तिला ठरवता येईना. मुलांना कालची मुलगी जास्त आवडली होती, हे त्यांच्या तोंडांवर स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचाही तिला रागच आला.

त्या संध्याकाळी आई आडावर हातपाय धूत होती. योगिनी पाणी ओतत होती. मग तिनं विचारलंच.

"त्या दिवसाचा तुका इतका लागला होता, ता माका कधी सांगलंस कित्याक नाय?"

आईनं पायावरची माती चोळून काढली, ओच्यानं तोंड पुसलं आणि तिच्याकडे जरा नवलानं बघितलं.

"तू माझ्यावांगडा पायरीर होतंस. बघी होतंस," ती म्हणाली. "बघणाऱ्याक आणखी काय सांगूचा?"